डाग आणि खूण

सरकारी अर्जांत एक जुना रकाना असतो. अर्जदाराने आपल्या शरीरावरील ओळखीची खूण त्यात नमूद करावयाची असते. ‘उजव्या गालावर तीळ’, ‘कपाळावर जुना व्रण’, ‘हनुवटीवर गोंदण’ अशी उत्तरे या रकान्यात पिढ्यानपिढ्या लिहिली गेली आहेत. पारपत्राच्या अर्जात हा प्रश्न आजही विचारला जातो. त्यामागील कल्पना सरळ आहे. माणूस ओळखावयाचा तो इतरांहून त्याच्यात जे वेगळे आहे त्यावरून. व्यक्तिछायाचित्रांवर आपोआप सफाईचा हात फिरविणारी जी संगणकीय साधने गेल्या काही वर्षांत घरोघरी पोहोचली आहेत, ती नेमक्या उलट कल्पनेवर उभी आहेत. जे वेगळे दिसते तो दोष आणि पुष्कळ चेहऱ्यांत जे समान आढळते ते सौंदर्य, असे त्यांचे गृहीतक आहे. त्यामुळे एकच तीळ एका कागदावर खूण म्हणून नोंदला जातो आणि दुसऱ्या कागदावरून डाग म्हणून पुसला जातो. हा प्रकार केवळ हौसेचा आहे, त्याची एवढी दखल घेण्याचे कारण नाही, असे मानणारे पुष्कळ आहेत. त्यांचे हे मत तपासून पाहणे अगत्याचे झाले आहे.

प्रारंभीच एक गोष्ट मान्य केली पाहिजे. छायाचित्रात फेरफार करण्याची प्रथा संगणकाने आणलेली नाही. छायाचित्रणाची विद्या १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली. १८५५ साली त्याच शहरात भरलेल्या जागतिक प्रदर्शनात म्यूनिकचे छायाचित्रकार फ्रान्झ हान्फश्टेंगल यांनी एकाच व्यक्तीची दोन चित्रे मांडली. एक होते तसे आणि दुसरे निगेटिव्हवर हात फिरवून सुधारलेले. प्रेक्षक थक्क झाले, आणि आपले चित्र काढून घेण्याविषयी लोकांच्या मनात जी धास्ती होती ती या शोधाने पुष्कळशी ओसरली. भारतही या बाबतीत मागे नव्हता. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. राजस्थानात उदयपूर आणि नाथद्वारा येथील चितारी छायाचित्रावर इतके दाट रंग चढवीत, की काही चित्रांत खालचे छायाचित्र शोधूनही सापडू नये. तेव्हा ‘पूर्वीचे छायाचित्र खरे आणि आजचे खोटे’ अशी सोपी विभागणी करून चालणार नाही. जे लोक आजच्या साधनांचे समर्थन करतात ते हाच इतिहास पुढे करतात, आणि तेवढ्यापुरते त्यांचे म्हणणे बरोबर आहे.

परंतु तो इतिहास पुरता वाचला, तर त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. स्टुडिओतील रीटचिंग करणारा कारागीर नेमके काय करीत असे? निगेटिव्हवर सुरकुतीची रेघ पारदर्शक उमटते, म्हणून ती छापील चित्रात काळी येते. त्या रेघेवर टोकदार शिसपेन्सिलीने बारीक ठिपके भरले, की छापताना तेवढा भाग उजळतो. हे काम उजेडासमोर तिरप्या ठेवलेल्या चौकटीवर, भिंग लावून, एकेका चेहऱ्यासाठी स्वतंत्रपणे करावे लागे. आपल्या देशात १९७५ पर्यंत देवीचा रोग होता, आणि देवीच्या व्रणांनी भरलेले चेहरे प्रत्येक गावच्या स्टुडिओत येत. ते व्रण बुजविताना कारागिराला विचार करावा लागे. एकही व्रण बुजविला नाही, तर गिऱ्हाईक नाराज होणार; सगळेच बुजविले, तर घरच्या मंडळींना तो माणूस परका वाटणार. या दोहोंच्या मध्ये कोठे थांबावयाचे हे त्याला ठरवावे लागे. ते ठरविताना समोर एक विशिष्ट माणूस असे, त्याचे वय, त्याचे काम आणि त्याचा आग्रह ठाऊक असे. चूक झाली तर दुसऱ्या दिवशी तोच माणूस चित्र हातात घेऊन दुकानाच्या पायरीवर उभा राहणार, हेही ठाऊक असे.

याचा अर्थ तो कारागीर सत्याचा पुजारी होता असा नाही. तो खोटे करीत होता, परंतु कोणाच्या बाबतीत किती खोटे करावयाचे याचा निर्णय तो स्वतः घेत होता आणि त्या निर्णयाचा जाब त्याला विचारता येत होता. डाग कोणता आणि खूण कोणती, हा भेद कातडीवर लिहिलेला नसतो. तो त्या माणसाविषयीच्या माहितीत असतो. पाटीवरून घसरून पडल्याचा व्रण, चुलीच्या निखाऱ्याने भाजल्याची खूण, आईसारखाच ओठावर असलेला तीळ यांचे मोल माणूस जाणणाऱ्यालाच कळते. ज्याच्यापाशी केवळ कातडी आहे त्याला हा भेद करता येणे शक्य नाही.

आता या कामाचे यंत्रात रूपांतर कसे झाले ते पाहू जाता दोन टप्पे दिसतात. १९९० च्या फेब्रुवारीत थॉमस आणि जॉन नोल या बंधूंनी घडविलेले ‘फोटोशॉप’ बाजारात आले. त्याने पेन्सिलीच्या जागी माउस दिला, परंतु तो धरणारा हात माणसाचाच राहिला. दुसरा टप्पा अधिक मूलगामी आहे. २००१ साली पॉल व्हायोला आणि मायकेल जोन्स यांनी छायाचित्रातील चेहरा अत्यंत वेगाने हुडकून काढण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यानंतर डोळे, नाक, ओठ, जबडा यांच्या कडा आपोआप आखणे, त्वचेचा भाग वेगळा काढणे, आणि त्या भागातील बारीक चढउतार सपाट करणे या क्रिया एकामागून एक माणसाविना होऊ लागल्या. पुढे संगणकाला नियम सांगण्याऐवजी उदाहरणे दाखविण्याची पद्धत आली. सफाईपूर्वीचे आणि सफाईनंतरचे अशा चित्रांच्या हजारो जोड्या त्याच्यापुढे ठेवल्या जातात आणि पहिल्यापासून दुसरे कसे मिळवावयाचे हे तो त्यांतून शिकतो. एनव्हिडिया कंपनीच्या संशोधकांनी फ्लिकर या संकेतस्थळावरील छायाचित्रांतून निवडलेला ७०,००० चेहऱ्यांचा एक संच या क्षेत्रात सुप्रसिद्ध आहे; त्याच चेहऱ्यांच्या सफाई केलेल्या प्रती २०२१ साली संशोधनासाठी उपलब्ध झाल्या.

या शिक्षणाचा अर्थ नीट समजावून घेतला पाहिजे. कोठल्या तरी देशात, कोणत्या तरी कारागिरांनी, कोणा परक्या चेहऱ्यांवरून जे जे पुसले, ते ते दोष होय, अशी दोषाची व्याख्या येथे तयार होते. ती कोणी शब्दांत मांडलेली नसते, म्हणून तिच्याशी वाद घालता येत नाही. ती लातूरच्या आजीला, बस्तरच्या तरुणाला आणि ऑस्लोच्या बाईला सारखीच लागू होते. पूर्वीच्या कारागिराच्या चुका एका गल्लीपुरत्या राहत. या व्याख्येची चूक झाली, तर ती एकाच वेळी कोट्यवधी चेहऱ्यांवर होते, आणि प्रत्येक चेहऱ्यावर एकसारखी होते.

गोंदणाचे उदाहरण घ्यावे. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून कपाळावर आणि हनुवटीवर हिरवट ठिपके असलेल्या वृद्ध स्त्रिया अद्याप दिसतात. मध्य प्रदेश आणि छत्तीसगढ येथील बैगा स्त्रियांच्या कपाळावर, कच्छमधील रबारी स्त्रियांच्या हनुवटीवर, ओडिशातील कुटिया कोंध स्त्रियांच्या संपूर्ण चेहऱ्यावर, अरुणाचलातील आपातानी स्त्रियांच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत गोंदणाच्या रेषा आहेत. त्या रेषांत जात, जमात, व्रत, लग्न, माहेर यांचे उल्लेख आहेत. मरताना सोबत येणारा दागिना तेवढा हाच, अशी समजूत अनेक समाजांत आहे. यांपैकी पुष्कळ ठिकाणी नव्या पिढीने चेहरा गोंदवून घेणे सोडले आहे. म्हणजे आज हयात असलेल्या वृद्धांचे चेहरे हाच या चिन्हलिपीचा अखेरचा ग्रंथ होय, आणि छायाचित्र ही त्याची नक्कल. आता, भोवतालच्या त्वचेहून गडद असा लहान ठिपका म्हणजे डाग, हे सूत्र धरून चालणाऱ्या साधनाला मुरूम आणि गोंदण यांत फरक करण्याचे काय कारण आहे? ज्या चेहऱ्यांवरून ते शिकले त्यांच्यात गोंदणाच्या आज्या किती असतील, याचा अंदाज कोणालाही करता येईल. नातवाने प्रेमाने काढलेल्या चित्रात आजीचे कपाळ कोरे होते. ते कोणी पुसले, हे नातवाला सांगता येत नाही. पुसले गेले आहे हे कित्येकदा त्याच्या लक्षातही येत नाही.

त्वचेच्या वर्णाचा प्रश्न याहून गंभीर आहे. १९९४ च्या जून महिन्यात अमेरिकेतील ‘टाइम’ साप्ताहिकाने खुनाच्या आरोपावरून अटक झालेल्या ओ. जे. सिम्प्सन या कृष्णवर्णीय खेळाडूचे छायाचित्र मुखपृष्ठावर छापले. चित्रकाराने ते मुळाहून अधिक काळवंडलेले केले होते. ‘न्यूजवीक’ने तेच छायाचित्र फेरफार न करता छापले असल्याने दोन्ही अंक शेजारी ठेवताच हा प्रकार उघड झाला. गदारोळ झाला आणि ‘टाइम’च्या संपादकांना वाचकांपुढे खुलासा ठेवावा लागला. त्यानंतर २३ वर्षांनी, २०१७ साली, ‘फेसॲप’ नावाच्या साधनातील चेहरा आकर्षक करण्याची सोय काळ्या माणसांची त्वचा उजळ करते असे आढळून आले. या वेळीही माफी मागितली गेली. परंतु दोष देण्यात आला तो संगणकाला ज्या चित्रांवर शिकविले त्या चित्रांच्या एकांगीपणाला. गुन्हेगार दाखवावयाचा तर काळे करा आणि सुंदर दाखवावयाचे तर गोरे करा, हा पूर्वग्रह दोन्ही प्रसंगांत एकच आहे. फरक उत्तरदायित्वाचा आहे. पहिल्या प्रसंगात एक चित्रकार आणि एक संपादक नावानिशी उभे होते. दुसऱ्या प्रसंगात उत्तर देण्यासाठी केवळ चित्रांचा ढीग उरला.

भारतात हा पूर्वग्रह शिकविण्यासाठी परदेशी चित्रांची गरजच नाही. गोरेपणाचे वचन नावातच वागविणारे ‘फेअर अँड लव्हली’ हे मलम १९७५ पासून येथे विकले जात होते. २०२० साली जगभर वर्णविद्वेषाविरुद्ध आवाज उठला तेव्हा त्याचे नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ करण्यात आले. त्याच वर्षी विवाह जुळविणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने वर्णानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. या दोन्ही गोष्टींचे स्वागत झाले. परंतु रकाना गेला म्हणून वर्णाचा हिशेब संपला असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. स्थळासोबत पाठविल्या जाणाऱ्या छायाचित्रात सावळी मुलगी जर न सांगता, न विचारता दोन छटा उजळ होऊन जात असेल, तर रकाना अधिक सोयीच्या जागी हलला, इतकेच म्हणावे लागेल. पूर्वी ‘मुलगी सावळी आहे’ हे वाक्य निदान कोणाला तरी तोंडाने उच्चारावे लागे, आणि त्याला कोणी तरी उलटून उत्तर देऊ शकत असे. आता ते वाक्य न उच्चारताच अमलात येते. आणि पाहण्याच्या दिवशी त्या मुलीला स्वतःच्याच छायाचित्राशी तुलना करून उणे ठरविले जाते.

या टीकेवर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप असा, की हे सर्व गिऱ्हाइकाच्या इच्छेनेच होते. इच्छा असेल तेथे वाद नाही. ज्याला आपल्या गालावरचा मुरूम लग्नाच्या चित्रात नको आहे, त्याने तो अवश्य काढून घ्यावा; मुरूम चार दिवसांचा पाहुणा असतो. परंतु अनेक भ्रमणध्वनींत ही सफाई कारखान्यातूनच चालू ठेवून मिळत आली आहे. जी गोष्ट बंद करण्यासाठी प्रयत्न करावा लागतो तिला इच्छा म्हणता येत नाही. हे खुद्द या धंद्यातील कंपन्यांनीही ओळखले आहे. २०२० साली गूगलने आपल्या काही भ्रमणध्वनींत स्वतःचे चित्र काढतानाची चेहऱ्याची सफाई मुळात बंद ठेवण्याचे आणि तिला ‘सौंदर्य’ यांसारखी नावे न देण्याचे जाहीर केले. जे एका कंपनीला करता आले ते इतरांना अशक्य आहे असे नाही.

दुसरा आक्षेप परंपरेच्या नावाने येतो. भारतीय कलेने हुबेहूबपणाला कधीच महत्त्व दिले नाही, तिचा ओढा आदर्श रूपाकडे आहे, मग या साधनांनी आदर्श रूप दिले तर बिघडले कोठे, असे विचारले जाते. यशोधराने कामसूत्रावरील टीकेत चित्राची जी षडंगे सांगितली त्यांत लावण्ययोजन आहे, हे खरे. परंतु त्याच यादीत सादृश्यही आहे आणि प्रारंभी आहे तो रूपभेद. रूपारूपांतील भेद ज्याला कळत नाही त्याने लावण्याची योजना कोठे करावयाची? उदयपूरचा चितारी छायाचित्रावर रंग चढवीत होता तेव्हा तो राजाला राजा म्हणून आणि सरदाराला सरदार म्हणून रंगवीत होता. व्यक्ती अधिक ठसठशीत व्हावी हा त्याचा हेतू होता. सर्व चेहरे एका सरासरीकडे ओढणारी क्रिया रूपभेदाच्या विरुद्ध जाते. तिला परंपरेचा आधार देणे ही परंपरेची अवहेलना आहे.

तिसरा आक्षेप पोटाचा आहे आणि तो सर्वांत अधिक आदराने ऐकला पाहिजे. तालुक्याच्या गावी लग्नाची छायाचित्रे काढणाऱ्याला एका समारंभाची हजारो चित्रे आठवडाभरात द्यावयाची असतात. प्रत्येक चेहऱ्यावर हाताने काम करणे त्याला परवडत नाही. शिवाय पूर्वी जी सफाई श्रीमंतांच्या चित्रांना मिळे ती आता मजुराच्या मुलीच्या चित्रालाही मिळते, हा लाभ खोटा नाही. परंतु या युक्तिवादातून यंत्र वापरावे एवढेच सिद्ध होते. यंत्राने विचारल्यावाचून निर्णय घ्यावा हे सिद्ध होत नाही. प्रकाश सुधारणे, रंगांचा तोल साधणे, धूळ काढणे ही कामे यंत्राने खुशाल करावीत. तीळ, व्रण, गोंदण, वर्ण आणि सुरकुत्या यांना हात लावण्यापूर्वी मात्र त्या माणसाला एक प्रश्न विचारला जावा, आणि मूळ चित्र जपून ठेवले जावे. एक प्रश्न विचारण्यास लागणारा वेळ कोणाचा धंदा बुडवीत नाही.

सर्वांत अधिक काळजीची गोष्ट मृतांच्या चित्रांची आहे. घरात कोणी निवर्तले, की भिंतीवर लावण्यासाठी त्याचे चांगले छायाचित्र शोधले जाते. पुष्कळदा ते सापडत नाही. मग लग्नाच्या समूहचित्रातील नखाएवढा चेहरा किंवा ओळखपत्रावरील धूसर चित्र स्टुडिओत नेऊन मोठे करून घेतले जाते. पूर्वी अशा मोठ्या केलेल्या चित्रात चेहरा पुसट राही, आणि तो पुसटपणा प्रामाणिक होता. जेवढे उरले होते तेवढेच तो दाखवी. आता चेहरे पूर्ववत करणाऱ्या प्रणाली आल्या आहेत. २०२१ साली प्रसिद्ध झालेली ‘जीएफपी-गॅन’ ही त्यांपैकी एक. धूसर चेहऱ्यातून जे तपशील नाहीसे झाले आहेत ते अशा प्रणाली परत आणीत नाहीत. ते कोठेच उरलेले नसल्यामुळे परत आणणे अशक्य असते. हजारो अनोळखी चेहऱ्यांवरून शिकलेल्या नमुन्याच्या आधारे त्या जागी संभाव्य तपशील भरले जातात. पापण्या, बुबुळातील चमक, ओठांची कड, त्वचेचा पोत हे सारे स्पष्ट आणि तजेलदार येते, परंतु ते त्या माणसाचे नसते. मुले त्या चित्राला हार घालतात. ज्या नातवंडांनी आजोबांना पाहिलेलेच नाही, त्यांच्या स्मृतीत अनोळखी लोकांच्या अंशांतून जुळविलेला हा चेहराच आजोबा म्हणून राहतो. घरातील मंडळींना कोणी हे सांगितलेले नसते. सांगितले असते तर त्यांनी कदाचित तो पुसट चेहराच पत्करला असता, कदाचित नसताही. परंतु निवड त्यांची असती.

येथे एक विचित्र परिस्थिती उद्भवते. पारपत्रासाठीच्या छायाचित्रात चेहऱ्याच्या वैशिष्ट्यांत फेरफार चालत नाही. आंतरराष्ट्रीय मानके त्याला मनाई करतात. सरकारला माणूस ओळखावयाचा असतो, म्हणून त्याला तीळ, व्रण आणि सुरकुत्या जशाच्या तशा हव्या असतात. अशा स्थितीत माणसाचा खरा चेहरा दप्तरात सुरक्षित राहील आणि बदललेला चेहरा घरातल्या भिंतीवर लागेल. ज्यांना त्या माणसाशी काही देणेघेणे नाही त्यांच्यापाशी तो जसा होता तसा असेल, आणि ज्यांनी त्याच्यावर प्रेम केले त्यांच्यापाशी नसेल.

काही देशांनी या प्रश्नाची कायद्याने दखल घेतली आहे. इस्रायलने २०१२ साली कायदा केला. फ्रान्समध्ये शरीराचा आकार बदललेल्या जाहिरातींतील चित्रांवर तशी सूचना छापण्याचे बंधन २०१७ पासून आले. नॉर्वेत असाच नियम जुलै २०२२ पासून लागू झाला. हे कायदे स्वागतार्ह आहेत, परंतु ते जाहिरातींपुरते आहेत. घरातील चित्रसंग्रहावर कायद्याचा पहारा बसविणे शक्य नाही आणि इष्टही नाही. तेथे गरज आहे ती रीतीची. साधने बनविणाऱ्यांनी सफाईची सोय मुळात बंद ठेवावी. स्टुडिओने मूळ आणि सुधारलेली अशा दोन्ही प्रती द्याव्यात. मृतांच्या चित्रात यंत्राने भर घातली असेल तर चौकटीमागे तसे लिहावे. आणि ग्रंथालये, वस्तुसंग्रहालये, अभिलेखागारे यांनी छायाचित्रे दाखल करून घेताना मूळ प्रतीचा आग्रह धरावा. जुन्या चित्रसंग्रहांचे संगणकीकरण करताना स्वयंचलित सफाईला थाराच देऊ नये. शंभर वर्षांनंतर या काळातील चेहरे पाहू इच्छिणाऱ्या अभ्यासकाला दुसरे काहीच साधन नसेल. विसाव्या शतकातील चेहऱ्यांवर देवीचे व्रण दिसतात, त्यावरून एका रोगाचा इतिहास वाचता येतो. एकविसाव्या शतकातील चेहऱ्यांवर त्याला काहीच दिसले नाही, तर या काळात लोक आजारी पडत नव्हते, उन्हात राबत नव्हते आणि म्हातारे होत नव्हते, असे त्याने समजावे काय?

पूर्वीच्या कारागिराच्या पेन्सिलीचे जे समर्थन होते ते आजच्या यंत्रालाही मिळू शकेल. अट एवढीच, की पेन्सिल चालविण्यापूर्वी तो जे करीत असे ते कोणी तरी केले पाहिजे. त्याने समोरच्या माणसाकडे नीट पाहिले पाहिजे आणि हा डाग आहे की खूण, हे त्यालाच विचारले पाहिजे.